रानगाजराची फुलं: ओळखावीत कशी, लावावीत कुठे, वापरावीत किती

जुलै लागला की न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, ओहायो या भागांत रस्त्यांच्या कडा पांढऱ्या होतात. हायवेचे उतार, रेल्वेरुळांलगतची पट्टी, पडीक शेतं, मॉलच्या पार्किंगमागची ओसाड जागा, जिथे कुणी मुद्दाम काही लावत नाही तिथे कंबरेएवढ्या दांड्यांवर जाळीदार पांढरी फुलं डुलत असतात. नव्याने आलेल्या मराठी माणसाला वाटतं, कुणाची तरी कोथिंबीर फुलावर गेली. अंदाज अगदीच वाया नाही. हे रानगाजर, इकडे त्याला क्वीन ॲन्स लेस म्हणतात. गाजर, कोथिंबीर, जिरं, ओवा, बडीशेप, शेपू, हिंग ही सगळी एकाच कुळातली मंडळी, आणि एका बिंदूतून चहूकडे फाकणाऱ्या काड्यांवर तोललेला सपाट फुलोरा ही त्या कुळाची खूण.

रानगाजर हे आपल्या गाजराचं नुसतं भाऊबंद नाही, पूर्वज आहे. डॉकस कॅरोटा हे शास्त्रीय नाव दोघांचं एकच. मध्य आशियात, अफगाणिस्तानाच्या आसपास, साधारण हजार-अकराशे वर्षांपूर्वी लोकांनी या रानटी जातीतून जांभळी आणि पिवळी गाजरं निवडली. केशरी गाजर रूढ झालं ते त्यानंतर काही शतकांनी, युरोपात. रानगाजर मूळचं युरोप आणि पश्चिम आशियाचं. अमेरिकेत ते गोऱ्या वसाहतवाल्यांच्या सामानातून आलं आणि इथलंच होऊन बसलं.

हल्ली या फुलाला चांगले दिवस आले आहेत. लग्नाच्या सजावटीत ते असतं, फुलवाल्यांकडे असतं, बियांच्या कॅटलॉगात त्याचे रंगीत प्रकार असतात. मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही ‘हे अंगणात लावलं तर चालेल का?’, ‘याची जेली खरंच होते का?’ असे प्रश्न फिरतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. लावा, पण बी विकत आणून लावा. फुलदाणीत भरभरून वापरा, ताटात क्वचित, औषध म्हणून कधीही नाही. आणि रस्त्याकडेचं रोप कितीही ओळखीचं वाटलं तरी त्यातलं काही तोंडात घालू नका.

आधी ओळख

शेवटच्या वाक्यावर जोर देण्याचं कारण याच कुळात आहे. जिरं आणि बडीशेप देणाऱ्या या घराण्यात जगातल्या अत्यंत विषारी वनस्पतींपैकी काही निघाल्या आहेत. सॉक्रेटिसला इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये जो प्याला प्यावा लागला तो हेमलॉकचा, आणि ते हेमलॉक अमेरिकेतही रानगाजराच्या शेजारीच, त्याच ओढ्याकाठी, त्याच कुंपणालगत उगवतं. फुलं पांढरी, पानं बारीक कातरलेली, फुलोरा तसाच सपाट. दुसरं वॉटर हेमलॉक. ते पाणथळ जागी वाढतं आणि त्याच्या मुळाचा लहानसा तुकडाही जीव घेऊ शकतो. हे दोघं वेगळे ओळखता आले पाहिजेत, नाहीतर पुढचं सगळं वाचण्यात अर्थ नाही.

रानगाजराचा दांडा हातात घ्या. त्यावर बारीक, राठ लव असते. बोट खालून वर फिरवलं की ती जाणवते. दांडा हिरवा, उभ्या रेषांचा. हेमलॉकचा दांडा अगदी गुळगुळीत, आतून पोकळ, आणि त्यावर जांभळट-लाल डाग, कुणी शाई शिंपडावी तसे. उंचीतही फरक आहे. रानगाजर दोन ते चार फूट, हेमलॉक सहज सहा-आठ फूट आणि भरपूर फांद्यांचं.

आता फुलोरा उलटा करून पाहा. माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण इथे आहे. पांढऱ्या छत्रीच्या बरोबर खाली, जिथून काड्या फुटतात तिथे, रानगाजराला हिरव्या, दोऱ्यासारख्या बारीक आणि तीन-चार फाटे फुटलेल्या पानांची झालर असते. हेमलॉकला तिथे अगदी लहान, साधी, न फाटलेली टोकं असतात. फुलोऱ्याच्या मधोमध कधी कधी एकच इवलंसं गडद किरमिजी फूल दिसतं, पांढऱ्या चादरीवर मुंगी बसल्यागत. इंग्लंडच्या ॲन राणीने लेस विणताना सुई टोचली आणि रक्ताचा थेंब पडला, अशी त्याची दंतकथा सांगतात. ते फूल कशासाठी आहे यावर डार्विनपासून वाद चालू आहे. ते असलं तर रानगाजराची खात्री वाढते. पण पुष्कळ फुलोऱ्यांत ते नसतंच, म्हणून एवढ्या एका खुणेवर विसंबू नका.

वास हा शेवटचा पुरावा, पहिला नव्हे. रानगाजराचं पान चुरडलं तर गाजराचा वास येतो. हेमलॉकला उंदराच्या मुताची कुबट घाण येते. पण ओळख पटलेली नसताना पान हाताने चुरडण्यात शहाणपण नाही. हातमोजे घाला, आणि दांडा व झालर पाहून झाल्यावरच वासाकडे वळा.

आणखी दोन नातलग लक्षात ठेवा. पिवळ्या फुलांचं रान-पार्सनिप, आणि माणसाहून उंच, सुपाएवढ्या पानांचं जायंट हॉगवीड. दोघांचा चीक कातडीला लागला आणि वर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात, डाग महिनोन्‌महिने राहतात. असा गुण याच कुळातल्या अम्मी माजुस या पांढऱ्या फुलाच्या रोपातही आहे. इजिप्तमध्ये कोडावर त्याचा उपयोग पूर्वापार होता, आणि १९४०च्या दशकात कैरोच्या अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी त्यातला घटक शास्त्रीय पद्धतीने कोडाच्या रुग्णांवर वापरला. आपल्याकडे आयुर्वेदात बावची याच कामासाठी वापरतात. बावचीचं कूळ वेगळं, पण गुण त्याच जातीच्या रसायनाचा. रानगाजरात हा गुण सौम्य आहे. तरी नाजूक कातडीच्या माणसाने भर उन्हात ओल्या पाना-दांड्यांशी उघड्या हातांनी खेळू नये. तोडणी सकाळी करा, बाह्या लांब ठेवा, नंतर साबणाने हात धुवा.

फोनवरच्या रोपं ओळखणाऱ्या ॲपचा इथे उपयोग नाही. फोटोत लव दिसत नाही, आणि झालर बहुधा फुलाखाली लपलेली असते.

लावणी

बी आणण्याआधी एक फोन करा. अमेरिकेत बहुतेक प्रत्येक काउंटीत विद्यापीठाचं एक्स्टेन्शन ऑफिस असतं. आपल्याकडच्या कृषी विस्तार केंद्रासारखंच ते काम करतं आणि प्रश्नांना फुकट उत्तरं देतं. काही राज्यांत रानगाजर उपद्रवी तणांच्या यादीत आहे. वॉशिंग्टन राज्यात ते आहे, आणि त्याला सबळ कारण आहे: त्या पट्ट्यात गाजराच्या बियाण्याची मोठी शेती होते. रानगाजर आणि शेतातलं गाजर एकाच जातीचं, त्यामुळे मधमाश्या एकाचे पराग दुसऱ्यावर बिनदिक्कत नेतात, आणि पुढच्या पिढीला केशरी गाजराऐवजी पांढरी, दोरीसारखी मुळं येतात. तुम्ही स्वतः गाजराचं बी धरत असाल तर रानगाजर आसपास मैलभर नसलेलं बरं. नुसती गाजरं खाण्यासाठी लावत असाल तर काळजी नाही. मूळ फुलण्याआधीच उपटलं जातं.

यादीत असेल तर विषय संपला. तिथे अम्मी माजुस लावा, फुलदाणीत दोन्ही सारखीच दिसतात. मात्र ते तोडताना हातमोजे विसरू नका.

लावायचं ठरलं तर हे रोप फारसा त्रास देत नाही, उलट लाड केले तर बिघडतं. पूर्ण ऊन हवं, पाण्याचा निचरा हवा, बाकी माती कशीही चालते. शेणखत, कंपोस्ट, नत्राची खतं घालू नका. खताने पानं माजतात, दांडे लुसलुशीत होतात आणि पहिल्या वादळी पावसात सगळं आडवं होतं. ज्या कोपऱ्यात टोमॅटो नीट येत नाहीत तो कोपरा याला द्या.

पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात किंवा बर्फ वितळल्यावर लगेच. थंडीत पेरलेलं बी हिवाळा मातीत काढतं आणि वसंतात एकसारखं उगवतं, म्हणून मी शरदातल्या पेरणीच्या बाजूची आहे. बी बारीक असतं आणि त्याला उगवायला उजेड लागतो. वाफा दाताळ्याने सारखा करा, बी चिमटीने भुरभुरा, तळहाताने दाबा. वर मातीचा जाड थर नको. वसंतात पेरलंत तर दोन-तीन आठवडे वरची माती सुकू देऊ नका, झारीने हलकं पाणी द्या. कोंब दोन-चार पानांवर आले की विरळणी करून दोन रोपांत आठ ते बारा इंच अंतर ठेवा. उपटलेली रोपं दुसरीकडे लावण्याचा मोह टाळा. याला सोटमूळ असतं, ते दुखावलं की रोप रुसतं. कुंडीत लावायचं तर कुंडी निदान फूटभर खोल हवी आणि बी थेट तीतच पेरलेलं हवं.

पहिल्या वर्षी फूल येणार नाही. जमिनीलगत पिसासारख्या पानांचा घेरा होईल, मूळ खाली पोसत राहील, हिवाळ्यात पानं मलूल होतील. ‘मेलं’ म्हणून उपटू नका. दुसऱ्या वर्षी जूनच्या अखेरीला दांडा वर येतो आणि सप्टेंबरपर्यंत फुलं चालतात. बी धरून झालं की रोपाचं आयुष्य संपतं. दरवर्षी फुलं हवी असतील तर पेरणीही दरवर्षी करा. मग एक तुकडी पानांवर आणि एक फुलांवर अशी साखळी बसते. थांबायची तयारी नसेल तर ‘दारा’ नावाचा लागवडीचा प्रकार घ्या. लवकर पेरला तर तो बहुधा त्याच उन्हाळ्यात फुलतो, आणि त्याची फुलं पांढऱ्यापासून फिकट गुलाबी, किरमिजी, अगदी चॉकलेटी छटेपर्यंत जातात. मला विचाराल तर बागेसाठी ‘दारा’च घ्यावा. पांढरं रानगाजर रस्त्यावर फुकट बघायला मिळतंच, आणि रंगीत फुलांमुळे शेजाऱ्यालाही कळतं की हे तण नाही, लावलेलं आहे.

पानांवर हिरव्या अंगावर काळे पट्टे आणि त्यांत पिवळे ठिपके असलेल्या अळ्या दिसल्या तर फवारणीचा पंप आत ठेवा. ही ब्लॅक स्वॅलोटेल या देखण्या फुलपाखराची पिलं. अळीला काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. मुलांना हा खेळ एकदा दाखवावा, रोज नको. अळ्या पानं फस्त करतात, पण मोठं रोप तेवढं सहज सोसतं. फुलांवर सिरफिड माश्या, ढालकिडे, क्रायसोपा, परजीवी गांधीलमाश्या असे मित्रकीटक येतात, आणि शेजारच्या भेंडी-वांग्यावरचा मावा त्यांच्या तावडीत सापडतो. बागेत हे फूल ठेवायला माझ्या दृष्टीने एवढं कारण पुरेसं आहे.

कात्रीची वेळ

या झाडाचा सगळा कारभार कात्री कधी चालवता यावर आहे. फुलोरा जुना झाला की त्याच्या कडा वर उचलल्या जातात, काड्या आत वळतात आणि छत्रीची वाटी होते. पक्ष्याच्या घरट्यासारखी ती दिसते, फोटो काढण्याचा मोह होतो. फोटो काढा आणि लगेच कापा. त्या वाटीत काटेरी केसांचं बी पिकत असतं. ते पायमोज्यांना, कुत्र्याच्या अंगाला चिकटून शेजाऱ्यांच्या लॉनवर जातं. वाळलेली वाटी अख्खी तुटून वाऱ्याने गडगडत जाते आणि वाटेत बी सांडते. एक झाड हजारो बिया देतं, आणि त्या मातीत काही वर्षं जिवंत राहतात. कापलेल्या वाट्या कंपोस्टात टाकू नका, पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. पुढच्या पेरणीसाठी बी हवंच असेल तर एक-दोन वाट्यांवर कागदी पिशवी चढवून दोऱ्याने बांधा आणि पिकल्यावर पिशवीसकट उतरवा.

फुलदाणीसाठी तोडायचं तर फुलोऱ्यातली बहुतेक फुलं उमललेली पण पराग अजून गळायला लागलेला नाही अशी वेळ साधा. अर्धवट उमललेला फुलोरा पाण्यात मान टाकतो. जास्त झालेला टेबलावर पांढरा चुरा सांडतो. सकाळी दव सुकल्यावर कापा, खालची पानं काढा, दांडे ताबडतोब गळ्यापर्यंत पाण्यात बुडवा आणि चार-पाच तास अंधाऱ्या, गार जागी ठेवा. मग फुलदाणीत लावा. पाणी दिवसाआड बदललं तर आठवडाभर टिकतात.

इकडे याचा हंगाम आणि गणपती बऱ्याचदा जमून येतात. मखराच्या मागच्या बाजूला, समईच्या दोन्ही अंगांना ही पांढरी जाळी फार शोभते, आणि शेवंती-झेंडूच्या महागड्या जुड्या निम्म्यावर येतात. पत्रीत मात्र घालू नका. पत्रीची यादी ठरलेली आहे, आणि आरतीनंतर तीच पानं हाताळणारी लहान मुलं घरात असतात.

मुलांसाठी एक उद्योग. चार पेल्यांत अर्धा-अर्धा पेला पाणी घ्या, प्रत्येकात खायच्या रंगाचे वीस-पंचवीस थेंब टाका, ताजे कापलेले दांडे तिरके छाटून उभे करा. काही तासांत फुलांच्या कडांना रंग चढायला लागतो, रात्रभरात पूर्ण दिसतो. नळीतून पाणी वर कसं चढतं हे समजवायला याहून चांगलं फूल नाही, कारण शेकडो इवली फुलं एकदम रंगताना दिसतात. आमच्याकडे १५ ऑगस्टच्या कार्यक्रमाला केशरी आणि हिरव्या पाण्यातली फुलं आणि मध्ये साधी पांढरी, असा तिरंगा टेबलावर होतो.

दाबून सुकवायलाही हे फूल उत्तम. टिपकागदावर पालथं ठेवा, वर दुसरा टिपकागद, त्यावर चार-पाच जाड दिवाळी अंक. दोन आठवड्यांत ते कागदासारखं सपाट होतं. लग्नपत्रिकेवर, दिवाळीच्या भेटकार्डावर चिकटवता येतं. ओलसर फूल दाबलं तर तपकिरी पडतं, म्हणून पाऊस पडून गेलेल्या दिवशी तोडू नका.

कापड रंगवायची हौस असेल तर कापडाच्या दुप्पट वजनाची ताजी फुलं घ्या, तासभर मंद उकळा, गाळा. कापड आधी त्याच्या वजनाच्या साधारण १५ टक्के तुरटीच्या पाण्यात मुरवलेलं हवं. लोकर आणि रेशमावर फिकट लिंबोळी पिवळा रंग छान उतरतो, सुतीवर त्याहून पुसट. या कामाचं पातेलं वेगळं ठेवा, ते पुन्हा स्वयंपाकात आणू नका.

खाण्याविषयी

महाराष्ट्रात पावसाळी रानभाज्या खाणाऱ्यांना रानातलं खाण्यात नवल वाटत नाही. पण टाकळा, कुर्डू, शेवळं आपण निर्धास्त खातो ती कुणाच्या तरी ओळखीवर. शेवळाच्या भाजीत काकडं घातली नाहीत तर घसा खाजतो, हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेली बाई ती टोपलीत घेऊन बाजारात बसते. परदेशात आपल्यामागे ही साखळी नाही. म्हणून नियम एकच: आपल्या अंगणात, खात्रीच्या दुकानातून आणलेल्या बियांपासून वाढवलेलं आणि फुलोऱ्याची झालर तपासलेलं, तेवढंच ताटात. रस्त्याकडेच्या झाडावर तणनाशक मारलेलं असतं आणि धूर बसलेला असतो, हे वेगळं कारण.

जेली होते आणि चांगली होते. अठरा-वीस मोठे, ताजे फुलोरे घ्या, झटकून किडे पळवा, धुवा, हिरव्या काड्या शक्य तितक्या कापून टाका कारण त्यांनी कडवटपणा येतो. चार कप उकळतं पाणी ओतून झाका, अर्ध्या तासाने गाळा. तीन कप अर्क मोजून घ्या. त्यात पाव कप लिंबाचा रस घातला की मळकट हिरवा रंग पालटून फिकट गुलाबी होतो. बाजारातल्या पूड पेक्टिनचं एक पाकीट घालून खळखळ उकळी आणा, साडेतीन कप साखर एकदम घाला, पुन्हा खळखळ उकळी आली की एक मिनिट ढवळा, फेस काढा आणि उकळून कोरड्या केलेल्या बाटल्यांत भरा. फ्रीजमध्ये ठेवून तीन आठवड्यांत संपवा. चव फुलांची, जराशी मधाकडे झुकणारी. चपातीला लावून मुलं खातात.

भजी त्याहून सोपी. बेसनात चमचाभर तांदळाचं पीठ, मीठ, हळद, ओवा. पीठ पातळ ठेवा. देठ धरून फुलोरा बुडवा, निथळू द्या, गरम तेलात पालथा सोडा. खाताना देठ टाकून द्या. ओवा इथे चवीला नेमका बसतो.

मूळ? पहिल्या वर्षाच्या शरदात किंवा दुसऱ्या वर्षी दांडा येण्याआधी खणलं तर पांढरं, पेन्सिलीएवढं मूळ मिळतं. वास सुरेख, पण मधला कणा लाकूड. सूप-सारात वासापुरतं टाकून काढता येतं. गाजर हलव्याच्या आशेने खणणाऱ्याने दुकानातून दोन पाउंड गाजरं आणावीत. शिवाय पहिल्या वर्षी फुलोरा नसतो, म्हणजे झालरीची खूणच हाताशी नसते. हेमलॉकशी गफलत होते ती नेमकी या वयात.

सेलरी किंवा बर्चच्या परागाची ॲलर्जी असेल तर यापासून लांब राहा. गाजराच्या कुळाची अशा माणसांना अनेकदा बाधा होते. आणि बी कुणीच खाऊ नये. रानगाजराचं बी गर्भ राहू नये म्हणून वापरण्याची प्रथा फार जुनी आहे. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस त्याच्या पाळी आणण्याच्या गुणाची नोंद करतो. इंटरनेटवर ही माहिती ‘नैसर्गिक गर्भनिरोधक’ म्हणून फिरते. किती बी, किती दिवस, किती खात्री, याचा कसलाही भरवशाचा हिशेब त्यामागे नाही. गरोदर बाईने, किंवा बाळाचा विचार चालू असलेल्या बाईने, फुलांची जेलीसुद्धा त्या काळापुरती बाजूला ठेवावी. तसंच कॅरट सीड ऑइल उन्हापासून वाचवतं ही समजूत खोटी आहे. सनस्क्रीनच्या जागी ते लावू नका.

एवढं करूनही कुणी चुकून भलतंच खाल्लं तर लक्षणांची वाट बघू नका. अमेरिकेत विषबाधेसाठी १-८००-२२२-१२२२ या क्रमांकावर रात्रंदिवस माणूस बोलतो. झटका आला, श्वास अडकला तर थेट ९११. खाल्लेल्या रोपाचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्या.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी

आधी एक घोटाळा मिटवू. आपल्याकडचं गाजरगवत हे रानगाजर नव्हे. त्याची पानं गाजरासारखी म्हणून ते नाव पडलं. कूळ सूर्यफुलाचं, फुलं छत्रीसारखी नाहीत, आणि त्याच्या स्पर्शाने व परागाने कित्येकांना कातडीचे आणि दम्याचे विकार जडतात. त्याचा इतिहास मात्र इथे कामाचा आहे. १९५०च्या दशकाच्या मध्याला ते पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं, अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर बी आलं असं मानलं जातं, आणि आज देशातला एकही माळ त्यापासून सुटलेला नाही.

म्हणून न्यू जर्सीहून परतताना बागेतलं रानगाजराचं बी पाकिटात घालून आणू नका, आणि मुलीला-सुनेला ‘येताना आण’ असंही सांगू नका. परदेशी बियाणं आणायला २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे परवाना आणि तपासणी लागते. ते नसलं तर विमानतळावर जप्त होतं, आणि व्हायलाच हवं.

त्याची गरजही नाही. ऑक्टोबरात गच्चीवरच्या कुंडीत धणे रगडून पेरा, अर्धी कोथिंबीर खुडून खा, उरलेली फुलावर जाऊ द्या. पांढऱ्या-गुलाबी छत्र्या धरतात, त्यांवर सिरफिड माश्या आणि मधमाश्या तशाच येतात, आणि फुलं पेल्यात लावली तर चार-पाच दिवस राहतात. शेजारी शेपू आणि बडीशेप सोडली तर पिवळ्या छत्र्याही मिळतील. हरभऱ्यात कोथिंबिरीच्या ओळी टाकायला कृषी खातं सांगतं ते याच कारणाने: त्या फुलांवर घाटेअळीचा बंदोबस्त करणारे परजीवी कीटक पोसले जातात. शेवटी धणे हाती येतात ते वेगळेच. या ऑक्टोबरात एक कुंडी त्यासाठी मोकळी ठेवा.